गॅलरीतलं टेबल

आमच्या घरात रिकामी जागा दिसली की तिच्यावर काहीतरी येऊन पडतंच. गॅलरीत मी चित्रांसाठी टेबल मांडलं, तर त्यावर इस्त्रीचे कपडे, चार्जर आणि सासूबाईंची निवडायची मेथी येऊन बसली. आवराआवरीतच वेळ जायचा आणि चित्र मनातल्या मनात वाळून जायचं. मी चिडले, विनवण्या केल्या. "जरा वेळ ठेवलंय गं," हे प्रत्येकाचं उत्तर.

काल अर्धवट रंगवलेलं ओलं चित्र तसंच सोडून मी हात धुवायला उठले. तेवढ्यात नवरा बाहेरून आला आणि सवयीनं टेबलावर हेल्मेट ठेवायला गेला.

"लोणच्याच्या बरणीत ओला हात घालशील का?" सासूबाई कडाडल्या. "मग तिथं कशाला ठेवतोस?"

तो हेल्मेट पोटाशी धरून तसाच उभा राहिला.

आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला सासूबाईंखेरीज कुणी हात लावत नाही. तोंडाला फडकं, त्यावर दोरी, कपाटातला वरचा कप्पा. मला ते नेहमी अतीच वाटायचं. काल वाटलं, मुरायच्या गोष्टीला असंच जपावं लागतं, आणि ते साऱ्या घराला कळावं लागतं.

कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले. हात पुसत गॅलरीत आले तर सासूबाई फरशीवर बसल्या होत्या, मेथीची जुडी मांडीवर घेऊन.

"आई, खाली का बसलात? खुर्ची आणू?"

"माझं राहू दे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू बस आधी. ते चित्र वाळेल."