रोलर फिरायच्या आधी

सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि साहूचा फोन आला. साहू म्हणजे माझ्या दादाचा शेडमधला जोडीदार. तो मला कधी फोन करत नाही, म्हणून स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं आणि कांदा तसाच टाकून फोन घेतला. "दीदी, जल्दी आइए... भैया उठ नहीं रहे." उठत नाही म्हणजे काय ते मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. जन्माची भित्री आहे मी. वाईट बातमी माझ्या मनात आधीच येऊन बसलेली असते, फोन तेवढा मागून येतो. कुरुदहून सेक्टरमधल्या दादाच्या घरापर्यंत स्कूटी कशी चालवली, देव जाणे. वहिनी पलंगाशी बसल्या होत्या, दादाचा एक मोजा हातात धरून. दुसरा त्याच्या पायात होता. रविवार असूनही तो शेडवर निघाला होता, साहू त्याला न्यायला आला होता... मोजे चढवता चढवता मागे कलंडला, तो कलंडलाच.

दादाचं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे एक तापच होता. आमचे बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये होते. पोरानंही पक्क्या नोकरीत चिकटावं असं त्यांना वाटायचं, पण दादाचा जीव गाड्यांत. हथखोजला त्यानं पत्र्याचं शेड घेतलं आणि जमिनीत डायनो बसवला. डायनो म्हणजे जाडजूड रोलर. त्यांवर गाडीची चाकं ठेवायची, गाडी चारही बाजूंनी पट्ट्यांनी करकचून बांधायची आणि मग इंजिन फुल पळवायचं. चाकं दीडशेच्या वेगानं फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि बाजूच्या कंप्युटरवर ताकदीची रेघ चढत जाते. ती बघून दादा पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी, हे सगळं जुळवायचा. नागपूर-रायपूरचे शौकीन स्पोर्ट्स कार घेऊन त्याच्याकडे यायचे. त्याला टर्बोवाल्या गाड्यांचं कौतुक नव्हतं. तिथं हवा जबरदस्तीनं कोंबतात म्हणायचा. आपल्याच दमानं हवा ओढणारं इंजिन असलं की गडी खूश. "हे खोटं नाही बोलत, बेबी. जेवढा दम, तेवढंच देते." बेबी म्हणजे मी. पन्नाशी उलटली तरी बेबीच.

मला त्या शेडची कायम धास्ती. मी डबा घेऊन जायची आणि नेमकं तेव्हाच याचं इंजिन किंचाळायला लागायचं. पत्रे थरथरायचे. वाटायचं, आता पट्टा तुटेल, आता ही गाडी भिंत फोडून निघेल आणि आत स्टिअरिंग धरून बसलाय आमचा दादा! "एवढं भेव लागते, तं येते कावून इथं?" तो हसायचा. "तुले काही झालं तं पाहायले कोणी पाहिजे ना!" मी बोलून जायची. जिभेला हाड नाही माझ्या. आता ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं.

पण दादा बेफिकीर नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. बाबांच्या गँगमधली एक रीत त्यानं उचलली होती. रोलर सुरू व्हायच्या आधी मुकादम ओरडायचा आणि प्रत्येकानं दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. हात वर, म्हणजे हात रोलरजवळ नाही, इतका साधा हिशोब. दादा गाडीत बसला की खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "हात दाखवा!" मग साहू, गाडीचा मालक, चहावाला, डबा घेऊन आलेली मी, सगळे हात वर करून उभे. एकदा एक गॉगलवाले साहेब एकच हात वर करून दुसऱ्या हातानं मोबाईलवर शूटिंग करत होते. दादानं किल्लीच काढली. "दूसरा हाथ किधर है, सर?" साहेब चिडले, गाडी घेऊन जातो म्हणाले. "ले जाइए," दादा म्हणाला आणि साहूला पट्टे सोडायला सांगितलं. मग मुकाट दोन्ही हात वर झाले. वहिनी तर त्याला चिडवायला कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ओट्यापाशी हात वर करायच्या.

या वर्षी उन्हाळ्यात तो जिने चढताना थांबायला लागला. चढता चढता जबडा दुखतो म्हणायचा. दात असेल, असं त्याचं त्यानंच ठरवलं. मी मागे लागून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी ट्रेडमिलची तपासणी लिहून दिली. छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालायचं, वेग वाढवत न्यायचा, बाजूला हृदयाची रेघ उमटते. तुझाच डायनो की रे, मी म्हटलं. मला वाटलं हसेल. तो उठून चालायला लागला. बाहेर येऊन म्हणाला, "ज्या इंजिनचा भरोसा नाही, त्याले मी रोलरवर चढवत नाही. आधी खोलून पाहतो. हे लोकं सीधं पळवाले निघाले!"

आमचं रस्त्यातच जुंपलं. "अरे, कानाले हेडफोन लावून तूच तं ठोका ऐकतं ना? जरा ठोकलं का बंद करतं. डॉक्टर पण तेच करते!" इंजिन आतून ठोके द्यायला लागलं की ते फुटायची भीती, म्हणून चालू गाडीचा आवाज तो हेडफोननं ऐकायचा. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच वाद घालत होते. स्कूटीच्या सीटवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "गाडीत मी असतो, बेबी. पट्ट्यावर मी असीन तं बंद कोण करीन? ...मले भेव लागून राहिलं." दादाच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. भिण्याचं खातं माझं होतं, त्याचं नव्हतं. "मी येतो ना," मी म्हटलं, "हात वर करून उभी राहतो." तेव्हा कुठं हसला. "ही लाल गाडी होऊन जाऊ दे. मंग जाऊ."

तो जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती लाल गाडी रोलरवर होती. रायपूरची, दोन दरवाज्यांची, टर्बोबिर्बो काही नसलेली. हात दाखवून झाले. आवाज चढत गेला, चढत गेला, माझे डोळे गच्च मिटलेले... आणि मधेच सगळं शांत. दादानं बंद केली होती. "ठोकली," एवढंच म्हणाला. आम्हा कुणाला काहीही ऐकू आलं नव्हतं. ठिणगी जराशी मागे घेतली, पुन्हा पळवली, या वेळी रेघ कशी सरळ वर गेली. मालक नाचायचा बाकी होता. दादा बाहेर येऊन टायरवर बसला. बनियन घामानं चिंब, डावा खांदा चोळत होता. "काय झालं रे?" "काई नाही, गर्मी हाय." "सोमवारी जायचं मग." "जाऊ ना सोमवारी. तू ये." गाडीचा इतका बारीक ठोका ऐकणारा माणूस... काय बोलायचं आता. राग येतो मला त्याचा. अजून येतो.

बाबाही असेच, बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, घरातलंच दुखणं दिसतंय, तुम्हीही तपासून घ्या. कितीतरी आठवडे मी टाळलं. कधी डोकं दुखतंय, कधी पाहुणे आहेत. शेवटी वहिनी घरी आल्या. "चला जी बाई, एका घरात एकच हट्टी पुरे," म्हणाल्या आणि मला रिक्षात बसवलं.

खोली लहान आणि थंडगार. छातीवर वायरी चिकटवल्या, बाजूच्या स्क्रीनवर माझी रेघ थरथरायला लागली. पायाखालचा काळा पट्टा बघून वाटलं, हा सुरू झाला की आपल्या हातात काहीच नाही. दादाला हेच वाटलं असणार, नेमकं हेच, आणि मी त्याच्याशी भर रस्त्यात वाद घालत होते. मशीनवरच्या मुलीनं बटणाकडे बोट नेलं आणि माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. "मॅडम, हाथ नीचे. रॉड पकड़िए." मला हात खाली घेताच येईनात. कोपऱ्यात बसलेल्या वहिनींनी पर्स खाली ठेवली, उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले. ती मुलगी आमच्याकडे बघतच राहिली. "आप भी, बेटा," वहिनी म्हणाल्या. तिला काय वाटलं कोण जाणे, पण बटण सोडून तिनंही हात वर केले. मी सगळ्यांचे हात नीट पाहून घेतले. मग दांडा धरला आणि म्हटलं, "चला... चालू करा."