कांडपावरच्या आक्का

आक्कांना शिंक येत नसे. मिरची कुटायच्या कांडपावर ही साधी गोष्ट नव्हती. मोटर सुरू झाली, लोखंडी मुसळं उखळांत आळीपाळीनं आपटू लागली, की तांबडा खकाणा हवेत चढे आणि रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून एकीमागून एक शिंकू लागत. रस्त्यानं जाणारा सायकलवालासुद्धा आमच्या दारापुरता शिंकून पुढं जाई. आक्का मात्र तोंडाला फडकं न बांधता उखळाशेजारी पाटावर बसून लाकडी उलथन्यानं कडेची मिरची आत ढकलत असायच्या. कुणी नवल केलं तर म्हणायच्या, "मिरचीची नि माझी वळख हाय."

त्या माझ्या सासूबाई. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणे, त्यांचा मुलगा, म्हणजे माझे यजमानही आक्काच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सत्तर सालाच्या पुढंमागं मी नेसरीहून लग्न होऊन कोल्हापुरात आले. वडील शाळामास्तर, त्यामुळे माहेरहून भांड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त आली होती. आक्कांनी पेटी उचलून पाहिली आणि विचारलं, "ह्यात दगडं भरल्यात काय ग सुमे?"

"पुस्तकं आहेत."

"मग माडीवर ठेव. खाली ठिवलीस तर पानापानात मिरची बसंल."

पुस्तकांविषयी त्यांचं याहून वेगळं मत मला कधी कळलं नाही. पण पेटी माडीवर न्यायला त्यांनीच एका बाजूनं हात लावला.

कांडप सासऱ्यांनी घातलेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मोटर बसवली आणि दोनेक पावसाळ्यांनंतर ते गेले. मुलगा शाळेत होता. त्यानंतर आक्का उखळापाशी कशा जाऊन बसल्या, त्यांना भीती वाटली का, कुणी नावं ठेवली का, हे मी पुष्कळदा विचारून पाहिलं. उत्तर एकच यायचं, "मोटर बसवल्याली हुती. बंद ठिवली तर गंजती." कोल्हापूरच्या बऱ्याच बायकांसारख्या आक्का 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. त्यांच्या तोंडी ते शोभायचंही.

कांडपाचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. वर्षाची चटणी, म्हणजे मिरची-मसाल्याची तांबडी पूड, तेव्हा होते. पावसाळ्यात शिकेकाई, हळकुंडं असं काहीबाही येई, आणि कित्येक दिवस तेही येत नसे. तरी आक्का सकाळी दार उघडत, उंबऱ्यात बसून चहा पीत आणि दुपारपर्यंत तिथंच असत. येणारा-जाणारा विचारी, "काय आक्का, धंदा कसा चाललाय?"

"उघडलंय न्हवं? मग चाललाय की."

लोक हसून पुढं जात. त्यांना ती थट्टा वाटे, मलाही बरीच वर्षं थट्टाच वाटली.

पेठेतल्या प्रत्येक घरच्या चटणीत काय पडतं, हे आक्कांना ठाऊक होतं. कुणाच्या डब्यात तीळ जास्त, कुणी खसखस टाळतं, कुणाची सून सासूला न सांगता संकेश्वरीऐवजी ब्याडगी मिरची आणते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जाई. एकदा एका बाईनं लाडीगोडीनं विचारलं, "आक्का, त्या वकिलीणबाईंच्या चटणीला एवढी चव कशानं ओ?"

"मिरचीनं."

"ते झालंच. आणि दुसरं काय?"

"मीठ बी आसतंय."

पण बायका लांबून आमच्याकडं येत त्या आक्कांच्या नाकासाठी. डबा समोर आला की आक्का त्यात तोंड घालायच्या, एक लांब श्वास ओढायच्या आणि निकाल द्यायच्या. धणे कच्चे राहिले असतील, मोहरी करपली असेल, मिरचीला ओल असेल, तर डबा परत. "घरला जावा, परत भाजा, मग या." समोरची कितीही मोठी असली तरी परत. बायका रागवायच्या आणि दुसऱ्या दिवशी भाजून आणायच्या, कारण आक्कांनी घेतलेली चटणी पुढच्या चैत्रापर्यंत टिकते, असा लौकिक होता.

ते नाक एका दिवाळीत गेलं. आक्कांना मोठं पडसं झालं, ताप आला, उतरला, आणि त्याबरोबर वासही गेला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला संशय आला तो दुधामुळं. स्टोव्हवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि आक्का तिथंच शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पातेल्याकडं. मग पुन्हा लसूण सोलू लागल्या.

पुढचा हंगाम त्यांनी तसाच काढला. डब्यात तोंड घालायचं, श्वास ओढायचा, सगळं पहिल्यासारखं. पण आता त्या धणे हातात घेऊन रंग बघत होत्या, मिरची कानाशी नेऊन मोडत होत्या. बायकांना वाटलं, आक्का जास्तच चौकस झाल्या. रंगानं आणि आवाजानं बहुतेक डबे निभले. खवट खोबरं मात्र दिसायला चांगल्या खोबऱ्यासारखंच असतं.

गडमुडशिंगीच्या एक पाटलीणबाई दर वर्षी यायच्या. घरचं खटलं मोठं, त्यामुळे त्यांचे डबे सगळ्यांत जड. आषाढात भर पावसात त्या एक बरणी घेऊन आल्या. दुकानात शिकेकाई घेऊन आलेल्या दोन-तीन बायका होत्या, मी होते. पाटलीणबाईंनी बरणी आक्कांसमोर ठेवली आणि फडकं सोडलं. मी दाराशी होते, तिथपर्यंत खवट वास आला.

"घ्या वास," त्या म्हणाल्या.

आक्कांनी बरणीत तोंड घातलं. बराच वेळ वर काढलं नाही. ओला चमचा घातला असेल, बरणी दमट जागी ठेवली असेल, असं काहीही त्या म्हणू शकत होत्या. आक्कांनी म्हटलं असतं तर पेठेनं ते खरंही मानलं असतं.

"मला वास येत न्हाय," आक्का म्हणाल्या.

पाटलीणबाई भडकल्या. "म्हंजे? चटणी चांगली हाय म्हणता? घरातली पोरं खाईनात, कुत्रं तोंड लावंना, आन् तुमाला वास येत न्हाय?"

"चटणीचा न्हवं. मला कशाचाच येत न्हाय. दिवाळीपासनं."

शिकेकाईवाल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता, "मग चैतात माझ्या डब्यात त्वांड घालून काय करत हुता?"

"नाटक," आक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी दुसरी करून देतो. मिरची माझी, सगळं माझं."

"नगं. तुमच्या हातची नगं आता."

बरणी तिथंच सोडून त्या पावसात निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पेठेत सगळीकडं झाली. पलीकडच्या गल्लीत त्याच वर्षी नवं कांडप निघालं होतं, त्यांची मुसळं आमच्याहून जास्त. रात्री जेवताना यजमान म्हणाले, "आक्का, आता पुरे झालं. एक कॅसेटवाला गाळा मागतोय. भाड्यानं देऊया."

"त्यो काय विकतोय?"

"गाणी."

"मग त्येला मिरचीच्या खोलीत कशाला घालतोस? घसा बसंल त्येचा."

"थट्टा नको. नाकाशिवाय कांडप कसं चालवणार तुम्ही?"

आक्कांनी भाकरीचा घास मोडला. "नाक हाय की घरात एक," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

त्या पावसाळ्यात आक्कांनी मला वास शिकवला. स्वतःला काहीच येत नसताना. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. आक्का तव्यावर धणे टाकायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं चिमूटभर काढून माझ्या नाकाशी धरायच्या.

"काय वास येतोय?"

"चांगला येतोय."

"चांगला ह्यो काय वास न्हवं. काय येतोय त्ये सांग."

मी इतकी पुस्तकं वाचलेली, पण मला सांगता येईना. हळूहळू येऊ लागलं. कच्च्या धण्याला वाळल्या गवताचा वास आहे, नीट भाजल्यावर त्यात संत्र्याच्या सालीचं काहीतरी येतं, करपला की विझलेल्या चुलीचा. मी म्हणत जाई आणि आक्का डोळे मिटून मान हलवत, किंवा म्हणत, "न्हाय, आजून घे." खवट खोबऱ्यापाशी मी फार दिवस अडले. शेवटी एकदा म्हणाले, "न्हाणीत तेलाची बाटली वर्षभर उघडी राहावी, तसा."

"व्हय," आक्का एकदम म्हणाल्या. "त्योच." आणि थोडं हसल्या. तो वास त्यांना त्या वेळी खरंच आठवला, की माझा शब्दच त्यांना पुरला, हे मला सांगता येणार नाही.

चैत्र आला. आक्का दारात पाट टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगू लागल्या, "माझं नाक गेलंय. वास आता ही सून घेणार. पटलं तर आत जावा, न्हाय तर पलीकडं नवं कांडप हाय, तिकडं जावा."

यजमान वैतागले. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना कशाला सांगता?"

"ठावं न्हाय त्येलाच सांगाय पायजे. ठावं हाय त्येला काय सांगू?"

काही आत आल्या, काही तशाच डोक्यावरचा डबा सावरून पुढं गेल्या. धंदा निम्म्यावर आला आणि पुढंही निम्म्यावरच राहिला. जाणारीला आक्का म्हणायच्या, "सावलीनं जावा, ऊन हाय."

त्याच हंगामात मी पहिला डबा परत केला, आणि तो नेमका वकिलीणबाईंचा निघाला. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, "खोबरं खवट आहे."

"काय म्हणालीस?" वकिलीणबाईंनी डबा ओढून घेतला, स्वतः हुंगला. "मला तर काही येत नाही. आक्का, ही काल शिकली आणि आज मला सांगते? तुम्ही बघा बाई जरा."

मोटर चालू होती. आक्कांनी उठून ती बंद केली. निम्म्या गिऱ्हाइकांत हे एक घर गेलं तर काय, हे आम्हा दोघींनाही समजत होतं.

"मला इचारू नगा," आक्का म्हणाल्या. "माझ्या नाकात काय बी न्हाय. तिला वास आलाय."

"आणि तिला चुकीचा आला असेल तर?"

"तर चुकीचा आलाय. पर आलाय. न आल्याला मी आला म्हणलो, त्येचं काय झालं ठावं हाय न्हवं तुमाला?"

वकिलीणबाईंनी डबा उचलला. ती चटणी त्यांनी दुसरीकडं कुटून घेतली, एवढं कळलं. टिकली की नाही, ते कळलं नाही. मी बरोबर होते का, हे मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी मी आक्कांना म्हणाले, "माझं चुकलं असलं तर?"

त्या हातांना तेल चोळत होत्या. मिरचीची आग जायला रोज चोळावं लागे. "उद्यापासनं वास घ्यायचा सोडणार हायस?"

"नाही."

"मग तेल दे हिकडं थोडं."

अशी काही वर्षं गेली. आक्का उखळापाशी, मी डब्यांपाशी. एका वैशाखात, ऐन हंगामात, त्या अंथरुणाला खिळल्या. दार बंद करू द्यायच्या नाहीत. आतल्या खोलीतून मुसळांचा आवाज ऐकत पडून असायच्या आणि मोटरीचा पट्टा सैल झाला की भिंतीवर थाप मारायच्या. तिथून त्यांना तो बरोबर कळे. चार-पाच दिवसांनी पहाटे त्या गेल्या.

सुतकात कांडप बंद राहिलं. एवढ्या दिवसांत हंगामाचं बरंच गिऱ्हाईक पलीकडं गेलं असणार, असं यजमान म्हणाले, आणि कॅसेटवाल्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं.

थोड्या वेळानं मागच्या गल्लीतल्या हसीनाभाभी आल्या. पहाटे उठून त्यांनी मिरची, मसाला सगळं भाजलं होतं. डबा अजून कोमट होता. भाजलेला मसाला ठेवला की सादळतो, तो त्याच दिवशी कुटायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला, झाकण काढलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

मी वाकले. श्वास ओढला. रडण्यानं आणि जागरणानं नाक पुरतं चोंदलं होतं. पुन्हा ओढला. डबा चांगला दिसत होता. रंग चांगला होता, मिरची कुरकुरीत होती.

"भाभी," मी म्हणाले, "आज मला वास येत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत, मोटरीकडं. डबा उचलायला त्या वाकल्या नाहीत.

"मग उद्या येतो," त्या म्हणाल्या. "झाकण तेवढं घट्ट लावा."