त्या रविवारी तो आमच्याकडे होता

अंतराळातल्या दरोडेखोरांची ती मालिका एका सीझननंतर बंद पडली. तिच्यावर जीव टाकणारे आम्ही पाच जण इंटरनेटवर भेटलो आणि निघालो सगळे अंबरनाथ-बदलापूरचेच. मग महिन्यातून एक रविवार बदलापुरात कात्रपला आमच्या घरी जमायचं ठरलं. तेच भाग पुन्हा बघायचे, जेवायचं आणि गोष्ट अर्धवट सोडणाऱ्यांना मनसोक्त शिव्या द्यायच्या.

एक जण बँकेत होता, एक दातांची डॉक्टर, एक कॉम्प्युटर कंपनीत, मी शाळेत सायन्स शिकवणारी. पाचवा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. आम्हा चौघांना जहाजांचं, संवादांचं कौतुक. त्याला त्या माणसांचं. एका कंपनीने अख्ख्या ग्रहाचं पाणी ताब्यात घेतलेलं असतं आणि ही सहा माणसं ते पळवून लोकांना वाटत असतात, एवढीच गोष्ट. "ताई, हे चोर नाहीत. यांना कागदावर चोर केलंय," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे त्याच्या कंपनीतले कंत्राटी कामगार पगारासाठी गेटवर बसले. तोही बसायचा. आमच्या ठरलेल्या रविवारी मात्र तो अकराला आला. पोळ्या लाटायला मला मदत केली, जेवला आणि पाचनंतर गेला. मी आम्हा सगळ्यांचा सेल्फी काढून ग्रुपवर टाकला. त्याच दुपारी गेटवर मॅनेजरच्या गाडीवर दगड पडले. तक्रारीत सात नावं होती, त्यात त्याचं एक. मंगळवारी पोलिसांनी त्याला घरून नेलं.

बुधवारी त्याची बायको आमच्याकडे आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"ताई, फक्त एवढंच सांगा की ते तुमच्याकडे होते. खरं तेच सांगायचंय."

"आत तर ये," मी म्हटलं.

"नको, पोरगी शेजारी ठेवलीय. येताय ना?"

"बाकीच्यांशी बोलते आणि कळवते."

बँकवाला म्हणाला, त्याचं प्रमोशन अडकेल. डॉक्टर म्हणाली, पोलीस स्टेशनची पायरी चढायला घरचे परवानगी देणार नाहीत. कॉम्प्युटरवाल्याने फोनच उचलला नाही. माझा नवरा त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कारखान्यात ऑफिसर. तो म्हणाला, "हे सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखतात. उद्या माझ्याकडे बोट दाखवतील. आणि तो फोटो काढून टाक आधी."

मी ग्रुपवरून फोटो डिलीट केला. सगळ्यांच्या फोनमधून जाईल असा. त्याच्या बायकोचे तीन फोन आले, तेही उचलले नाहीत.

नऊ दिवसांनी त्याला जामीन मिळाला. नोकरी गेली होतीच. ग्रुपमधून तो स्वतःहून बाहेर पडला. आम्ही दोन महिने जमलो नाही, मग पुन्हा जमू लागलो. त्याचा विषय कुणी काढला नाही.

या वर्षी शाळेच्या गॅदरिंगचं कापड आणायला उल्हासनगर कॅम्प एकला गेले होते. एका सिंधी शेठच्या दुकानात तो खांद्यावरून तागे उतरवत होता. मी पळ काढणार, तेवढ्यात त्याने पाहिलं.

"काय, कसं काय? बसा ना," त्याने स्टूल पुढे केलं.

मला बसवलं नाही. तोंडातून भलतंच निघालं. "तो फोटो मी काढून टाकला. माझी चूक झाली."

"माझ्याकडे आहे की. त्याच दिवशी सेव्ह केलेला."

"मग दिला का नाहीस?"

"तुम्ही सगळे दिसताय त्यात. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा देणार?" तो साधेपणाने बोलत होता, टोमणा मारत नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. "केस अजून चालूच आहे. वकील म्हणतो, तुमच्यापैकी कुणी एकाने येऊन सांगितलं तरी पुरे. पुढच्या महिन्यात तारीख आहे. येणार?"

आतून शेठने हाक मारली. तो माझ्या तोंडाकडे बघत तसाच उभा राहिला.

"येईन," मी म्हटलं. त्याने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं नाही. तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टात जायला साडी नेसून तयार झाले, रिक्षासाठी खालीही उतरले आणि रिक्षावाल्याला शाळेचा पत्ता सांगितला. दुपारी कोर्टातून त्याचा फोन आला. तोही मी उचलला नाही.

मालिका पुन्हा सुरू करावी म्हणून जगभरातल्या चाहत्यांनी हल्ली एक अर्ज काढलाय. मालिका काढणाऱ्या कंपनीला पाठवायचा आहे. गेल्या रविवारी आम्ही चौघांनी माझ्या हॉलमध्ये बसून त्यावर सह्या केल्या. नाव, गाव, फोन नंबर, सगळं भरून.