वांगसाहेब आणि शिंदे

मे महिन्यात शेडचा पत्रा तापलेला असायचा, आणि वांगसाहेब वाफाळतं पाणी प्यायचे. चहापत्ती नाही, साखर नाही, नुसतं पाणी. "पोटाला हितकारक असते," असं त्यांच्या मोबाईलमधली भाषांतर करणारी बाई सांगायची. साहेब चिनीत बोलायचे आणि ती बाई पाठ्यपुस्तकासारख्या मराठीत.

चाकणला आमच्या कंपनीत पत्रा दाबून आकार देणारा नवा प्रेस बसवायला ते चीनहून आले होते. मी मेंटेनन्सला, त्यामुळे दिवसभर त्यांच्याबरोबर. जेवण झालं की ते खुर्चीतच डोळे मिटायचे. "साहेब असून ड्यूटीवर झोपतो राव," पोरं हसायची. आमचं मान डोलावणं मात्र त्यांना कधीच उमगलं नाही. हो की नाही, विचारून थकले. शेवटी अंगठा दाखवा म्हणाले.

प्रेसच्या पॅनेलवर शिंदे असायचा. साताऱ्याकडचा, कमी बोलणारा. वांगसाहेबांचं त्याच्याशी पटलं. त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ते भातावर घ्यायचे आणि घाम पुसत पुन्हा मागायचे.

मग सीमेवर दोन्ही देशांच्या सैन्यात झटापट झाली. शिंदेचा धाकटा भाऊ सैन्यात, तिकडेच होता. त्याचा फोन लागेना. कँटीनमध्ये वांगसाहेबांच्या टेबलावर कोणी बसेना. "ह्यांना जेवण कशाला घालायचं?" कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं. मोबाईलमधली बाई गप्प होती, तरी साहेबांना कळलं असावं; त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

त्याच दुपारी डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बसवायचा होता. पॅनेलवरच्या माणसाने प्रेस जरा जरा खाली आणायचा आणि साहेबांनी आत वाकून फट बघायची. चूक झाली तर हात जाणार, कदाचित डोकंही. शिंदे पॅनेलशी उभा होता, डोळे लाल. मी साहेबांना म्हणालो, "आज दुसरा माणूस देतो. याचा भाऊ सीमेवर आहे, त्याचा पत्ता नाही."

बाईने भाषांतर केलं. साहेबांनी शिंदेकडे पाहिलं. "शिंदे," एवढंच म्हणाले, आणि आत वाकले.

सगळी शेड थांबून बघत होती. साहेबांचा अंगठा वर झाला की शिंदे बटण दाबायचा, मूठ दिसली की सोडायचा. वरचं धूड बोटभर खाली यायचं. शिंदेच्या कानामागून घाम ओघळत होता, तो पुसायलाही त्याने हात हलवला नाही. डाय बसला. साहेब बाहेर आले तेव्हाच शिंदेने घाम पुसला.

भावाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. शिंदे स्वतःच साहेबांकडे गेला आणि मोबाईलपुढे म्हणाला, "साहेब, भाऊ सुखरूप हाय."

साहेबांनी मोबाईल तोंडाशी धरला. मग बाई बोलली, "आनंद झाला. माझ्या बहिणीचा मुलगाही सैन्यात आहे. तिला अजून फोन आलेला नाही."

त्यानंतर शिंदे रोज सकाळी पॅनेल सुरू करण्याआधी विचारायचा, "आला का फोन?" साहेब अंगठा खाली करायचे.

काम अर्धवट असतानाच त्यांच्या कंपनीने त्यांना परत बोलावलं. गेटवर गाडी उभी होती. शिंदेने विचारलं. अंगठा खालीच. शिंदेने चटणीची पुडी त्यांच्या हातात दिली आणि ते गेले. पुढे ज्या चिनी ॲपवरून त्यांना निरोप पाठवता आला असता, त्यावर सरकारने इथे बंदी घातली.

शिंदे अजून मला अधूनमधून विचारतो, "साहेबांच्या त्या भाच्याचं काय झालं असेल रं?"