धाकट्या जावेची वेबसाइट

माझ्या धाकट्या जावेनं वेबसाइट बनवली, हे मले माझ्याच माहेरच्या माणसाकडून कळलं. भावाचा अहेरीवरून फोन आला. बोलता बोलता तो म्हणे, इथी तुझ्या दिराचं काम जोरात आहे, मोबाइलवर मिस्त्री शोधला की पहिलं त्याचंच नाव येते. मी "बरं झालं" म्हटलं आन् फोन ठेवला. पण पोटात असं दुखलं, की त्या दिवशी जेवण काही गोड लागलं नाई.

माझा नवरा आन् माझा दीर दोघंही गाड्यांचे मिस्त्री. दुकान दोघांचंही नाई. मोटारसायकलवर पान्यांची पेटी बांधायची आन् गाडी जिथी बंद पडली तिथी जायचं, असा धंदा. एकत्र होते तेव्हा दोघं एकाच पेटीतून काम करायचे. वेगळे झाल्यावर आम्ही गोंडपिपरीत राह्यलो, ते अहेरीले गेले, आन् वैनगंगेवरचा आष्टीचा पूल हद्द ठरली. पुलाच्या इकडं गाडी बिघडली तर ती आमची, तिकडं बिघडली तर त्यायची. कुठी लिहून ठेवलं नव्हतं, पण दोघंही भाऊ पाळत.

कोणी म्हणेल, मंग तुले काऊन दुखते? दुखते बा. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तिले मोबाइल धरायले मी शिकवलं. आन् आता तीच वेबसाइटवाली झाली! रोज दुपारी भांडे झाले की मी तिची वेबसाइट उघडायची. वर माझ्या दिराचा फोटो, हात ग्रीसनं काळे, मागं तीच जुनी मोटारसायकल. त्याच्याखाली ठळक नंबर. मंग लिहिलेलं, की रेंज नसेल तर गाडीच्या मागं झाडाची डहाळी ठेवा, येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप द्या आन् सावलीत बसा, आम्ही येतो. एवढं वाचलं की माझं टाळकं सरकायचं आन् मी बंद करून टाकायची. डहाळी ठेवा म्हणे! जंगलातल्या लोकायले हे शिकवा लागते? आन् रेंजच नाई तर तुझी वेबसाइट वाचंन कोण?

मंग मीही बसली. मोबाइलवरच बनवली. नवऱ्याले लग्नातला शर्ट घालायले लावला, भांग पाडायले लावला, फोटो काढला. त्याच्यामागं एका चकचकीत गॅरेजचं चित्र टाकलं, त्यात मोटारी वर उचलून धरल्या होत्या. आन् लिहिलं, चंद्रपूर, गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत कुठीही, कधीही सेवा. नवऱ्यानं पाह्यलं आन् विचारलं, सिरोंचा कुठी, धानोरा कुठी, मले पंख फुटले काय? आन् पुलाचं काय? मी म्हटलं, भावाच्या मागंच राहाचं असंन तर राहा. तो मोटारसायकलवर पेटी बांधायले उठला.

फोन यायले लागले. आमच्या बाजूचे तर लय आले. लोक म्हणत, "वेबसाइटवर नंबर पाह्यला. मोठे भाऊ बोलून राह्यले काय?" मी नवऱ्याकडं अशी पाहायची, की बघ, मोठे भाऊ म्हणून राह्यले तुले. धानोऱ्याकडूनही एक फोन आला. नवरा एवढा रस्ता तुडवत तिथी पोचला, तोपर्यंत त्या माणसानं गावातल्याच कोणाकडून गाडी चालू करून घेतली होती. वरून त्यानं विचारलं, ते गाडी उचलाचं यंत्र कुठी आहे? घरी येऊन नवरा भिंतीकडं तोंड करून जेवला. मले त्याचं काही वाटलं नाई. जावेपेक्षा आपल्याले जास्त फोन येऊन राह्यले, एवढंच मले दिसत होतं.

मंग एक दिवस माझा भाऊ मले अहेरीले माहेरी न्यायले जीप घेऊन आला. नवरा पुन्हा धानोऱ्याकडं गेला होता, ट्रॅक्टरपायी. आम्ही पूल ओलांडला, आष्टी मागं टाकली, आन् भर जंगलात जीप बंद पडली. रेंज नाई. भावानं पळसाची डहाळी तोडून जीपच्या मागं ठेवली. थोड्या वेळानं अहेरीची एसटी आली. डहाळी पाहून ड्रायव्हर आपणच थांबला आन् म्हणे, मिस्त्री पाह्यजे ना, अहेरीत सांगतो. मी तोंड उघडायच्या आत भाऊ हो म्हणून मोकळा. मिस्त्र्याची बायको मी, आन् मले सोडवायले जावेचा नवरा येणार! मी झाडाखाली बसून देवाले म्हटलं, ही जीप आपोआप चालू होऊ दे. देवानं ऐकलं नाई.

दीर आला. मागं जाऊ बसलेली, हातात पाण्याची बाटली आन् डबा. तो जीपखाली शिरला. तिनं मले पाणी दिलं आन् विचारलं, मोठे भाऊ कुठी आहेत? मी ऐटीत सांगितलं, धानोऱ्याकडं गेले, काम लय आहे.

ती म्हणाली, "बाई, भाऊ एवढे दूर काऊन जातात? पुलाच्या तिकडचे लोक तं आम्ही तुमच्याकडंच पाठवून राह्यलो ना."

मी विचारलं, कोणते लोक?

"वेबसाइटवर सगळ्यात खाली लिहिलं आहे ना, पुलाच्या त्या बाजूले आमचे मोठे भाऊ येतील म्हणून. नंबर आहे भाऊचा."

मी डब्यातली पोळी तोंडात घातली. दिरानं जीप चालू करून दिली. अहेरीत रेंज आल्याबरोबर तिची वेबसाइट उघडली आन् पहिल्यांदा शेवटपर्यंत खाली गेली. होतं. मोठे भाऊ, गोंडपिपरी, खाली माझ्या नवऱ्याचा नंबर. म्हणजे ते फोन सगळे तिचे होते. माझ्या वेबसाइटनं आणलं होतं फक्त धानोरा.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. चांगलं वागण्यातही तिनंच पहिला नंबर मारावा, हे तं माझ्या अंगाले मिरच्या लागल्यासारखं झालं.

माहेरी चहा थंड होऊ दिला, पण आधी मोबाइल घेतला. चकचकीत गॅरेज काढलं. दोन्ही जिल्हे काढले. आन् लिहिलं, पुलापलीकडं गाडी बंद पडली तर माझा दीर येईल, त्याच्यासारखा मिस्त्री नाई. घरी आल्यावर नवऱ्यानं ते पाह्यलं. दिराचा नंबर सगळ्यात वर, नवऱ्याच्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात. त्यानं विचारलं, ही वेबसाइट आपली आहे का त्यायची?

"तिनं आपला नंबर खाली टाकला," मी म्हटलं, "मी तिचा वर टाकला. आता दुखू दे तिच्या पोटात."