बनुकाकूंचा हत्ती आणि काकांची तोड

श्रीलंकेचं जंगल कुठल्या महिन्यात बघावं, हे शहाणा माणूस पाऊसपाणी बघून ठरवतो. कुंडलचे माझे कृष्णात काका ते ऊस बघून ठरवतात. तीन वर्षं मी ही सहल ठरवतेय आणि तीन वर्षं माझं डोकं उठलंय.

सहल खरं तर काकूंची. बनुकाकूंना रानातला मोकळा हत्ती बघायचाय. टीव्हीवर बघून बघून म्हातारी हत्तीण कळपाला पाण्यावर कशी नेते, तेही त्यांना पाठ झालंय. पण गुडघे दरवर्षी जास्तच कुरकुरतात. जीपमध्ये चढता येतंय तोवर जाऊन यायचं, एवढीच त्यांची घाई.

आणि तारीख देणार काका! नोव्हेंबर म्हटलं, तर लावण राहिलीय. डिसेंबर म्हटलं, तर भावकीत लग्न. एप्रिल म्हटलं, तर "जत्रंत पालखीला खांदा कोण देणार, तुजा बा?" माझा बा, म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ, शेजारीच बसला होता. तोही लगेच म्हणाला, "व्हय व्हय, दादा पायजेच."

शेवटी मी फेब्रुवारी धरला. कुणाच्या फडात ऊसतोड कधी, हे साखर कारखान्याचा चिटबॉय सांगतो. काकांनी स्वतः त्याला विचारलं. तो म्हणाला, मार्च. मग तिघांचे व्हिसा झाले, तिकिटं झाली. काकूंनी पांढरे बूट आणले आणि नऊवारीवर घालून अंगणात फेऱ्या मारल्या.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात आणि तोडणीची टोळी फडात! वरच्या शिवाराचा रस्ता खचला म्हणून ती आमच्याकडं वळवली होती.

"आता कसं जमायचं?" काका म्हणाले. "तोड सोडली तर कारखान्याच्या यादीत नंबर पार खाली जातोय. ऊस वाळंल. पुढल्या साली जाऊ की. हत्ती काय पळून जात्यात व्हय?"

माझं टाळकंच सटकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू बॅग घेऊन बाहेर आल्या.

"आवं, पुढल्या साली ऊस आसंल. माजं गुडघं न्हाई राहायचं. तुमी तोड बगा. मी जाते."

काका हसले. त्यांना ती थट्टा वाटली. काकूंनी गाडीत बसून दार लावून घेतलं, तेव्हा कुठं काकांचा चेहरा उतरला. मीही पटकन बसले.

उंब्रजच्या आसपास काकूंचा फोन वाजला. आता काका माघारी फिरायला सांगणार, असं मला वाटलं. काकूंनी स्पीकर लावला.

"अगं, टोळीच्या मुकादमाला च्या करायचाय. साखर कुठल्या डब्यात हाय?"

जन्मभर ऊस पिकवला या माणसानं! मी कपाळावर हात मारून घेतला.

"हुडका," काकू म्हणाल्या, आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.