शांतक्काची हातोडी

मंडळी, तारिहाळच्या कारखान्यातून सुटून थेट सायबर कॅफेत आलोय. डोकं अजून तापलेलं आहे.

आज आमच्या कारखान्यात ‘सकारात्मक विचार’ शिकवायला एक पाहुणे आले होते. त्यांनी शांतक्काला उभं केलं. पंपाचं ओतीव झाकण हातोडीने वाजवायचं, आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर आत तडा आहे म्हणून बाजूला ठेवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम.

“रोज तेच करून बेजार येत नाही?” पाहुण्यांनी विचारलं.

“नाही हो सर. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतोय की.”

पाहुणे हसले. “बघा, मन स्वतःला कसं फसवतं. उद्यापासून आरशात बघून हसत जा.” सगळे हसले. अक्का खाली बसली.

हेच वाक्य, हाच विनोद त्यांनी आधीच्या बॅचलाही ऐकवला होता. आणि हे गृहस्थ आम्हाला कामातला अर्थ शिकवणार.

दुपारी अक्काने तीन झाकणं बाजूला काढली. मला सगळी सारखीच वाटली, म्हणून विचारलं. तिने हातोडी माझ्या हातात दिली. “ऐका की अण्णा.”

मी वाजवली. मला काही फरक कळला नाही.

सकाळी तिच्यावर हसणाऱ्यांत मीही होतो. तुम्ही हसला नसता काय?